स्वयंपाकघरातली कपाटं : सुताराकडून करून घ्यावीत की तयार आणावीत?

या वेळी आलेल्या पत्रांत ओट्याखालच्या आणि ओट्यावरच्या कपाटांचे प्रश्न सर्वाधिक होते, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने दिलेला दहा फुटी सरळ ग्रॅनाइटचा ओटा आहे, खाली कडप्प्याचे खण. शोरूमवाले म्हणतात, ओटा तोडून सगळं मॉड्युलर करू. ओळखीचे सुतार म्हणतात, ओटा तोडून प्लायमध्ये करून देतो, बरंच स्वस्त पडेल. कोणाचं ऐकावं?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ओटा तोडायचा की नाही, हे आधी ठरवा. सुतार की शोरूम, हे त्यानंतर बघता येईल. कडप्प्याला वाळवी लागत नाही आणि सिंकखालचा पाइप महिनाभर झिरपला तरी त्याचं काही बिघडत नाही. प्लायचं किंवा बोर्डाचं खोकं कितीही महाग घेतलं तरी एवढं सोसणार नाही.

ओटा तोडायला आमच्या मते तीनच कारणं पुरेशी आहेत. ग्रॅनाइटला आरपार तडा गेला आहे, सिंकखालची जागा सतत ओली राहते, किंवा उंची चुकली आहे. उंची तपासायला ओट्यासमोर सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा. ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला बत्तीस-तेहतीस इंचांचा ओटा सोयीचा पडतो. जी व्यक्ती रोज सर्वांत जास्त वेळ ओट्याशी उभी राहते, तिचं माप घ्या.

तोडायचंच ठरलं, तर दोन्ही कोटेशनांत सहसा न लिहिलेले खर्च आधी विचारा. जुना ग्रॅनाइट अखंड निघेल याची खात्री नसते, मागच्या टाइल्स फुटतात, ओट्याखाली फरशी नसेल तर ती घालावी लागते, राडारोडा खाली न्यावा लागतो. पाइप गॅस असेल, तर जोडणी हलवायचं काम गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. शिवाय दहा फूट बाय दोन फूट, २० मिमी जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन साधारण १०० किलो भरतं. ते पुढे खोक्यांच्या उभ्या बाजूंवर येणार, हेही लक्षात असू द्या.

वरची तीन कारणं नसतील, तर ओटा ठेवा आणि कडप्प्याच्या खणांतच ट्रॉल्या आणि शटर बसवून घ्या. यात खरी गोम मापाची आहे. कडप्पा कधीच ओळंब्यात नसतो. प्रत्येक खणाची रुंदी सहा ठिकाणी मोजा : पुढच्या बाजूला वर, मध्ये, खाली, आणि मागेही तशीच. पुढे १९ इंच आणि मागे साडेअठरा निघणं अगदी नेहमीचं. सर्वांत लहान माप धरा. त्यातून दोन चॅनलचा (ट्रॉली ज्यांवर सरकते त्या रुळांचा) मिळून एक इंच आणि चॅनलमागच्या दोन पट्ट्यांचा मिळून एक इंच वजा करा. साडेअठराच्या खणात साडेसोळा इंचांची ट्रॉली बसेल. तयार १७ इंची आणली तर ती बसणार नाही, म्हणून एक तर १५ इंची घ्यावी किंवा मापाने बनवून घ्यावी.

पट्ट्या वाचवायच्या म्हणून चॅनल थेट कडप्प्यावर ठोकू देऊ नका. वाकड्या कडप्प्यावर दोन चॅनल समांतर राहत नाहीत, ट्रॉली अर्ध्यावर अडकते आणि जोर लावून ओढली की चॅनलमधल्या गोळ्या गळतात. आधी १२ मिमी मरीन प्लायची पट्टी लावायची, मागे पाचरी देऊन ती ओळंब्यात आणायची, मग तिच्यावर चॅनल. कडप्प्याला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा आणि कडेपासून किमान दोन इंच आत राहायचं, नाहीतर टवका उडतो.

ट्रॉलीचं स्टील ३०४ ग्रेडचं घ्या. २०२ ग्रेडच्या जाळीवर मीठ, चिंच, कोकम यांच्या डब्यांखाली तांबूस ठिपके लवकर येतात. दोन्ही स्टीलना चुंबक जवळपास चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून ओळखण्याचा उपाय इथे चालत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या.

ओट्यावरची कपाटं मात्र आम्ही कारखान्यातली घेऊ. तिथे पाणी पोचत नाही आणि मशीनवर केलेल्या कामाचा फायदा पुरेपूर मिळतो. सनमायका प्रेसखाली सारखा दाबला जातो, कडा गरम डिंकाने पक्क्या बंद होतात. तेच काम जागेवर करताना डिंक सुकायला पूर्ण दिवस द्यावा लागतो, पावसाळ्यात त्याहून जास्त. घाई झाली की दोन-तीन महिन्यांत सनमायकाला फुगे दिसू लागतात. कपाटांची खोली १२ ते १४ इंच आणि ओट्यापासून अंतर २४ इंच ठेवा. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधे प्लग भरल्या डब्यांच्या वजनाने हळूहळू सुटतात, तिथे १०० मिमीचे लांब फ्रेम प्लग लागतात. आणि पाठ ६ मिमीची मागा, ३ मिमीची नको.

प्रश्न : घर नवीन, ओटा अजून व्हायचाय. शोरूमचा दर आणि सुताराचा दर यांची तुलनाच करता येत नाही. शिवाय सुतार दहा फुटांच्या खालच्या-वरच्या कपाटांना १८ मिमीचे नऊ प्लाय आणायला सांगतात. एवढे लागतात का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : हिशेब करून पाहू. ७५० मिमी रुंदीची चार खोकी खाली आणि चार वर, अशी तीन मीटरची रचना धरा. खालचं खोकं ७२० मिमी उंच आणि ५६० मिमी खोल. प्लाय आठ बाय चार फुटी, म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. त्यात ७२० बाय ५६० चे सहा तुकडे निघतात. खाली आठ बाजू आणि चार तळ मिळून बारा तुकडे हवेत, म्हणजे दोन प्लाय. वरच्या आडव्या पट्ट्या उरलेल्या फाळक्यांतून भागतात. खालची आठ शटरं तिसऱ्या प्लायमध्ये येतात. वरच्या खोक्यांची खोली ३०० मिमी ठेवली, तर तळ, माथे आणि मधल्या फळ्या मिळून बारा तुकडे एकाच प्लायमध्ये बसतात. बाजू आणि शटरं यांना आणखी दोन प्लाय पुरतात. एकूण सहा. पाठीसाठी ६ मिमीचे दोन, ड्रॉवरसाठी १२ मिमीचा एक.

लॉफ्ट (माळ्याची कपाटं) किंवा टॉल युनिट (पूर्ण उंचीचं उभं कपाट) असेल तर नऊ लागतीलही. नसेल, तर सुताराला कागदावर कापणीचा आराखडा काढायला सांगा. चांगला सुतार तो स्वतःहून काढतो, आणि खोली ५६० च्या जागी ६२० धरली की रुंदीत दोन पट्ट्या बसत नाहीत, हेही त्याला ठाऊक असतं. बाहेरून १ मिमी सनमायकाचे दोन ताव आणि आतून ०.८ मिमीचे सहा-सात ताव धरा. शटरला दोन्ही बाजूंनी सनमायका हवाच. फक्त पुढून लावला तर एका बाजूची ओल आत-बाहेर होत राहते, शटर धनुष्यासारखं वाकतं आणि बिजागरी कितीही आवळली तरी सरळ होत नाही.

दराची तुलना चौरस फुटाने करू नका. कोणी फक्त दर्शनी भाग मोजतं, कोणी ट्रॉल्या वेगळ्या धरतं. दोघांकडूनही एकाच तपशिलाचा एकरकमी आकडा मागा : खोक्याचा माल आणि जाडी, पाठीची जाडी, कडेची पट्टी, बिजागऱ्या आणि चॅनल यांची कंपनी व नग, बसवणं, वाहतूक, जीएसटी. ९०० मिमीपर्यंतच्या शटरला दोन बिजागऱ्या, त्याहून उंच असेल तर तीन.

तुमच्यासारख्या नव्या घराला तिसराही मार्ग आहे आणि आम्हाला तोच जास्त पटतो. प्लाय तुम्ही निवडायचा, मशीनवर प्रेसिंग, कापणी आणि एज बँडिंग (कडांना पट्टी चिकटवणं) करून देणाऱ्याकडून तुकडे करून घ्यायचे, आणि सुताराने घरी फक्त जोडणी करायची. माल डोळ्यांदेखत राहतो आणि कडाही नीट बंद होतात. मात्र माप चुकलं तर तुकडा वाया जातो आणि त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. म्हणून टाइल्स लागल्यावरच मापं घ्या. कोपरा काटकोनात आहे का, ते तीन-चार-पाचने बघा : एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं पाहिजे. दोन शटरांमध्ये एक सूत, म्हणजे ३ मिमी फट सोडायला सांगा. पावसाळ्यात ती उपयोगी पडते.

आणि खालची खोकी चार इंची पीव्हीसी पायांवर उभी करा. जमिनीला टेकलेलं खोकं फरशी धुताना दर वेळी खालून पाणी पितं. बाहेरून वर्षभर काही दिसत नाही, मग सनमायका तळाकडून सुटायला लागतो.

प्रश्न : २०२१ च्या जुलैमधल्या पुरात आमची खालची सगळी ट्रॉली-कपाटं गेली. बोर्ड फुगून पोह्यासारखा सुटला. आता मरीन प्लाय घेतला तर पुन्हा पाणी आल्यावर टिकेल का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : मरीन प्लायचा डिंक पाण्याने सुटत नाही, हे त्याचं मुख्य वैशिष्ट्य. पण लाकूड पाणी पितंच, पुराचा गाळ सांध्यांत बसतो, चॅनल आणि बिजागऱ्या गंजतात. तुमच्याकडे ओट्याखाली लाकडाचं काहीही नको. कडप्प्याचे खण, ॲल्युमिनियमच्या चौकटीची शटरं, आणि ट्रॉल्या स्क्रू काढून उचलता येतील अशा बसवा. चॅनलमागच्या पट्ट्याही प्लायच्या नकोत, ॲल्युमिनियमच्या घ्या. पाण्याची सूचना मिळाली की ट्रॉल्या अर्ध्या तासात माळ्यावर जातात. गाळ आला तरी खण पाइप लावून धुता येतात. लाकूडकाम फक्त गेल्या वेळच्या पाण्याच्या रेषेच्या वर करा. विजेचे पॉइंटही त्या रेषेच्या वरच घ्या.

प्रश्न : दुकानदार ज्याला-त्याला मरीन म्हणतो. ओळखायचं कसं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तावावर आयएस ७१० चा शिक्का आणि आयएसआय चिन्ह बघा. आयएस ३०३ असेल तर तो मरीन नव्हे. त्यातला बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) स्वयंपाकघरात सिंकपासून दूर चालतो, एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) आणूच नका. शिक्क्यावर भागवू नका, कडेकडे बघा. थर सलग दिसले पाहिजेत, मध्ये पोकळी नको. मग चार इंची तुकडा मागून घ्या आणि पातेल्यात आठ तास उकळा, पाणी आटेल तसं घालत राहा. मरीनची प्रयोगशाळेतली परीक्षा ७२ तासांची असते, पण आठ तासांतच थर सुटले तर तो बीडब्ल्यूआरही नाही.

प्रश्न : डिझाइनमध्ये सिलिंडर बंद शटरमागे दाखवलाय. चालेल?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तसाच नको. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साठतो. शटरला तळाशी जाळी किंवा झरोके हवेत, रबरी नळी पूर्ण दिसली पाहिजे आणि रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. शेजारच्या खणात विजेचा पॉइंट देऊ नका.

प्रश्न : तयार घेतलेल्या कपाटाची बिजागरी बोर्डातून उखडली आहे. तोच स्क्रू परत बसत नाही. शटर बदलावं लागेल का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : बोर्ड फुगलेला नसेल तर बदलू नका. भुसा दाबून केलेल्या बोर्डात एकदा आटा मोडला की जाड स्क्रू लावूनही उपयोग नाही, भोक फक्त मोठं होतं. बिजागरी काढा, स्क्रूचं भोक ८ मिमीचं करा, पण खोली १२ मिमीच ठेवा, नाहीतर ड्रिल पुढून बाहेर येईल. आत ८ मिमीची लाकडी खुंटी इपॉक्सी लावून ठोका आणि २४ तास हात लावू नका. मग बाहेर आलेली खुंटी पटाशीने सपाट करा, मध्यावर २ मिमीचं भोक पाडा आणि जुनाच स्क्रू हाताने आवळा, मशीनने नको. बोर्डाचा मोठा तुकडाच सुटला असेल, तर हार्डवेअरच्या दुकानात बिजागरी दुरुस्तीची स्टीलची पट्टी मिळते का बघा; ती चार बाजूंच्या कोऱ्या जागेत स्क्रू घेते. आणि त्या शटरच्या आत लटकवलेली काही जाळी असेल, तर ती काढून टाका.