‘वय झालं’ हे उत्तर पुरत नसेल, तर काय शिकावं?

प्रश्न : आजीला वयोमानाने होणारा मॅक्युलाचा, म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचा, ऱ्हास (एएमडी) आहे. समोरच्या माणसाचा चेहराच तिला पुसट दिसतो, कडेचं मात्र नीट दिसतं. कारण विचारलं की सगळे म्हणतात, ‘वय झालं.’ मग तिच्याहून मोठ्या बहिणीला का नाही झाला? मी विज्ञान शाखेत शिकते. बाबा म्हणतात, डोळ्यांची डॉक्टर हो. मला जनुकशास्त्रात जाऊन या आजाराचं जनुक शोधायचंय. काय निवडू?

उत्तर : तुझ्या पत्रातला खरा प्रश्न बहिणीचा आहे. करिअरचं उत्तरही त्यातूनच निघेल, म्हणून आधी तो घेऊ.

जनुक शोधायला तुला थोडा उशीर झालाय! 2005 साली अनेक गटांना जवळपास एकाच वेळी ‘कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच’ या जनुकातला एक बदल सापडला. एका अक्षराच्या फरकाने प्रथिनात 402व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल येतं. कॉम्प्लिमेंट ही जंतूंवर तुटून पडणारी प्रथिनांची फौज, आणि फॅक्टर एच तिला आवरणारा. आवर सैल पडला की स्वतःच्या ऊतींनाही झळ बसते. या बदलाचा परिणाम इतका ठळक होता, की एका गटाला तो 96 रुग्ण आणि 50 निरोगी माणसांच्या तुलनेतच दिसला. 2016 पर्यंत ही यादी जनुकसंचातल्या 34 ठिकाणच्या 52 बदलांवर गेली.

पण यादीने आजार समजत नाही. तो घडतो दृष्टिपटलामागच्या रंजकपेशींच्या एकेरी थरात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपल्या टोकाचा साधारण दहावा हिस्सा टाकून देतात आणि रंजकपेशी तो गिळून पचवतात. हे जन्मभर चालतं. प्रौढपणी या पेशी सहसा विभागत नाहीत, म्हणजे सत्तरीतही बहुतेक त्याच जुन्या पेशी राबत असतात. गिळलेल्या टोकांत चटकन ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्लं भरपूर. त्यात सतत प्रकाश आणि मुबलक ऑक्सिजन. न पचलेला कचरा, म्हणजे लायपोफ्युसिन, पेशीत साचत जातो. खालचा ब्रुकचा पडदा मेद साठून जाड होतो, मग रक्तवाहिन्यांशी होणारी देवाणघेवाण मंदावते. पेशी आणि पडदा यांच्यामध्ये ड्रुझेनचे पिवळट ठिपके जमतात. या ठिपक्यांत कॉम्प्लिमेंटची प्रथिनं सापडतात, म्हणजे जनुकांचा धागा इथे येऊन मिळतो. पुढे आजाराच्या कोरड्या प्रकारात पेशी हळूहळू मरतात. ओल्या प्रकारात व्हीईजीएफ या प्रथिनाच्या चिथावणीने नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि झिरपतात.

म्हणजे ‘वय’ हे साचण्याला मिळालेला काळ. त्यावर शरीर किती आक्रस्ताळेपणा करतं ते बरंचसं जनुकांवर, आणि धूम्रपान सगळंच बिघडवतं. सख्ख्या बहिणींतही जनुकांचे बदल सरासरी निम्मेच सारखे असतात. (‘मलाही होईल का’ ही शंका मनात असेलच. जोखीम थोडी जास्त असू शकते, विधिलिखित नाही. सिगारेटला मात्र शिवू नकोस.)

आता निवड. माझं मत पेशीजीवशास्त्राकडे झुकतं. जनुकातला बदल रंजकपेशीत नेमकं काय बिघडवतो, हे कोडं अजून उरलंय. दहाव्या गुणसूत्रावरच्या एआरएमएस2 आणि एचटीआरए1 या शेजारी जनुकांपैकी दोषी कोण, यावर तर अजून वाद आहे. उंदराला मॅक्युलाच नसतो, त्यामुळे नेहमीची प्रयोगशाळेतली वाट अर्ध्यावर संपते. म्हणून मूलपेशींपासून रंजकपेशी वाढवून त्यांवर काम करतात. 2014 मध्ये जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने एका महिला रुग्णाच्याच पेशींपासून असा थर तयार करून तिच्या डोळ्यात बसवला.

बाबांचा सल्ला चुकीचा नाही. ओल्या प्रकारात व्हीईजीएफ रोखणारी इंजेक्शनं कितीतरी जणांची नजर टिकवतात; ते समाधान डॉक्टरलाच मिळतं. पण तुझ्या अख्ख्या पत्रात उपचाराबद्दल एक ओळ नाही, सगळं ‘का’बद्दल आहे. वैद्यक शिकून पुढे संशोधनातही जाता येतं, फक्त ती वाट लांबलचक आहे आणि रुग्ण सांभाळता सांभाळता प्रयोगशाळा मागे पडते, असं मी बऱ्याचदा पाहिलंय.

बाबांशी बोलताना हेही सांग : फॅक्टर एचचा शोध 2005 चा आणि कॉम्प्लिमेंट रोखणारी पहिली औषधं अमेरिकेत मंजूर झाली 2023 मध्ये. तीही कोरड्या प्रकारातल्या मृत पेशींच्या डागाची वाढ फक्त मंदावतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. इतकी वर्षं एका प्रश्नापाशी बसायची तयारी असेल तरच संशोधनाकडे ये. तोवर जीवशास्त्राबरोबर रसायन आणि संख्याशास्त्र पक्कं कर. गणित आवडत नाही म्हणून सोडायचा विचार असेल, तर तो आजच काढून टाक. 52 बदलांची ती यादी संख्याशास्त्राशिवाय हाती लागली नसती.