अग्निशमन जवानांची हृदय-श्वसन क्षमता तपासायला स्टेप टेस्ट पुरेशी आहे का?

छाननीसाठी पुरेशी आहे. केवळ तिच्या आकड्यावर कुणाला कामावरून बाजूला काढण्यासाठी मात्र नाही. मोजायचे असते ते कमाल प्राणवायू ग्रहण, म्हणजे पराकाष्ठेच्या श्रमात शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते ते. ब्रिटनमध्ये जवानांसाठी ४२.३ ही पातळी सुचवलेली आहे.

तिथे प्रचलित असलेल्या चेस्टर स्टेप टेस्टमध्ये साधारण ३० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर ठोक्याच्या तालावर मिनिटाला १५ वेळा चढ-उतार करायची असते. दर दोन मिनिटांनी हा वेग पाचाने वाढवतात आणि नाडी वयानुसार अंदाजलेल्या कमाल गतीच्या ८० टक्क्यांवर पोचली की थांबवून कमाल प्राणवायू ग्रहणाचा आकडा आलेखावरून अंदाजाने काढतात. खरी मेख इथेच आहे. नाडीची कमाल गती काढण्याचे ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचे असल्याने एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. शिवाय रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी औषधानेच मंदावलेली असते, त्यामुळे त्याची क्षमता आहे त्यापेक्षा चांगली दिसते. म्हणूनच निकाल सीमारेषेवर असेल, तर ट्रेडमिलवर मास्क लावून उच्छ्वासातील वायूंचे थेट मोजमाप करावे आणि हृदयविकाराची शंका असल्यास सोबत ईसीजीही घ्यावा.

आणखी एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते: गणवेश आणि श्वसनयंत्र मिळून २० किलोंहून अधिक भार होतो, आणि तो सडपातळ जवानालाही तेवढाच वाहावा लागतो, त्यामुळे दर किलोमागचा आकडा त्याला थोडे झुकते माप देतो.