वाचकांचे प्रश्न : खेचराच्या पाठीवरची तार

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकन वॉशिंग्टनच्या तार कचेरीत बसून सेनापतींना सूचना देत, असे वाचले. पण सैन्य सारखे हलत असताना तार तिथवर पोचायची कशी? आणि शत्रूने मधेच ऐकली तर?

उत्तर : शेवटचा टप्पा खेचरे पार पाडत. १८६४ मध्ये उत्तरेच्या बाजूचा सेनापती ग्रँट याच्या सैन्यात वेष्टन चढवलेली तार रिळांवर गुंडाळलेली असे. एका रिळावर सुमारे २०० पौंड, म्हणजे ९० किलो. दर रिळाला एक खेचर, दोन माणसे. सैन्याने जागा धरली की तारेचे एक टोक धरून ठेवायचे आणि खेचराला फळीच्या पिछाडीने चालवायचे. खोगिरावरचे रीळ फिरे, तार सुटत जाई. लगेच ती हलक्या काठ्यांवर उचलून घ्यावी लागे, नाहीतर तोफांचे गाडे तिच्यावरून जात. शेजारच्या तुकड्यांची टोके एकमेकांना जोडली, बॅटरीची गाडी जोडली, की बोलणे सुरू. रीळ संपेपर्यंत खेचर चालणार, त्याहून काही मिनिटेच जास्त लागत.

त्याआधीचे बियर्ड्सली नावाचे तारयंत्र सोपे होते. बॅटरी नको, मोर्स लिपी नको. इकडे तबकडीवरचा काटा अक्षरावर आणला की तिकडचाही तिथेच जाई. मात्र दोन काट्यांचा मेळ चुकला की पुढची सगळी अक्षरे चुकत.

शत्रू तारेला जोडणी देऊन ऐकत असे, खोटे निरोपही घुसवी. म्हणून मजकुराचे शब्द आडव्या ओळींत मांडून उभ्या रांगांनी, ठरलेल्या वाटेने, एक रांग वरून खाली तर दुसरी खालून वर अशी उचलत. नावांना टोपणशब्द, मधेमधे निरर्थक शब्द. याची किल्ली तारमास्तरांकडे असे, आणि ते सैनिक नव्हते. युद्धखात्याचे नागरी नोकर होते. ग्रँटने किल्ली आपल्या अधिकाऱ्याला द्यायला सांगितली, तेव्हा तारमास्तराने साफ नकार दिला. शिक्षेच्या धाकाने शेवटी दिली, तर युद्धखात्याने त्यालाच कामावरून दूर केले. ग्रँटने दोष स्वतःकडे घेतल्यावर तो परत आला.

सेनापतींवर पकड ठेवायला लिंकनला तारेची मोठी मदत झाली. पण तार ज्याच्या हातात, त्याचीही सत्ता केवढी! २८ जून १८६२ ला लिंकनचाच एक सेनापती मॅक्लेलन याने रागाच्या भरात युद्धमंत्र्याला तार केली. तिच्या शेवटी, सैन्याचा बळी द्यायचा तुम्ही प्रयत्न केलात, असा त्याच्यावर थेट आरोप होता. तारांवर देखरेख ठेवणाऱ्या सँफर्डने ती वाक्ये परस्पर गाळली आणि उरलेला मजकूर पुढे दिला.