वाचकांचे प्रश्न : ऑइलचा लाल दिवा खोटा केव्हा म्हणावा?

प्रश्न : माझी कार्ब्युरेटर असलेली पेट्रोल गाडी वीस वर्षांहून अधिक जुनी आहे. लांबचा प्रवास करून गाडी सिग्नलला थांबली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागतो आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबला की विझतो. सकाळी थंड इंजिनावर तो कधीच पेटत नाही. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही थोडे वर दिसते. एका मेकॅनिकने ऑइल प्रेशरचा स्विच बदलला, त्यानंतर लुकलुकणे कमी झाले, पण थांबले नाही. एक जण म्हणतो की जुन्या गाडीत असे होतच असते, दुसरा इंजिन उतरवायला सांगतो. हा दिवा खोटा आहे की खरा, हे कसे ठरवावे?

उत्तर : आपण दिव्याचे वर्तन बारकाईने नोंदवले आहे, आणि त्या वर्णनावरून हा दिवा खोटा असण्यापेक्षा खरा असण्याची शक्यता मला अधिक वाटते. तरीही अंदाजावर इंजिन उतरवू नये आणि अंदाजावर दुर्लक्षही करू नये. याचा निकाल स्विच बदलून लागत नाही. तो दाब प्रत्यक्ष मोजूनच लागतो.

जुन्या गाड्यांतील ही व्यवस्था अगदी साधी असते. दिव्याच्या एका टोकाला इग्निशनमधून वीज मिळते आणि दुसऱ्या टोकाची वायर इंजिनच्या ब्लॉकवर बसवलेल्या स्विचपर्यंत जाते. दाब नसताना स्विच त्या वायरला ब्लॉकमार्फत अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीशी विजेची जोडणी) देतो, म्हणून दिवा पेटतो. दाब वाढला की आतील पडदा ढकलला जातो, संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. बहुतेक स्विच साधारण ०.३ ते ०.५ बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) या दाबाला उघडतात. याचा अर्थ असा की दिवा विझलेला आहे एवढ्यावरून दाब पुरेसा आहे असे सिद्ध होत नाही, कारण रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या इंजिनाला याच्या कितीतरी पट दाब लागतो. स्विच बदलल्यावर लुकलुकणे कमी का झाले, याचेही उत्तर बहुधा येथेच आहे. एकाच प्रकारच्या दोन स्विचांच्या उघडण्याच्या दाबात थोडा फरक असतोच. नवा स्विच जुन्यापेक्षा किंचित कमी दाबाला उघडणारा असेल, तर इंजिनाची स्थिती तीच राहूनही दिवा शांत होतो. ही दुरुस्ती नव्हे, ही सूचना दडपणे आहे, आणि जुन्या गाड्यांची अनेक इंजिने याच समजुतीपायी निकामी होतात.

खोट्या दिव्याला सहसा इंजिनाच्या तापमानाशी किंवा फेऱ्यांशी (इंजिन मिनिटाला किती वेळा फिरते त्याच्याशी) काही देणेघेणे नसते. तो खड्ड्यात गाडी आदळली की पेटतो, पावसात किंवा इंजिन धुतल्यावर पेटतो, किंवा थंड इंजिनाच्या फेऱ्या वाढवल्या तरी पेटलेलाच राहतो. आपला दिवा मात्र इंजिन गरम असताना आणि फेऱ्या कमी असतानाच पेटतो, आणि ऑइलचा दाब खरोखर सर्वांत कमी असतो तो नेमका त्याच वेळी. ऑइल पंप इंजिनाच्या गतीच्या प्रमाणात फिरतो. शिवाय १०० अंश सेल्सिअसला ऑइल ४० अंशांच्या तुलनेत कित्येक पट पातळ झालेले असते.

तपासणीची सुरुवात वायरपासून करावी, कारण तिला इंजिन चालू करण्याचीही गरज नसते. चावी इग्निशनवर फिरवल्यावर दिवा पेटला पाहिजे; पेटला नाही तर बल्ब, वायर किंवा स्विचचा अर्थ यांत दोष आहे. स्विचच्या आट्यांवर सीलिंग टेप जास्त गुंडाळल्याने अर्थ तुटतो आणि मग दाब शून्यावर गेला तरी दिवा पेटत नाही. हा दोष खोट्या दिव्यापेक्षा अधिक घातक आहे. यानंतर स्विचवरची वायर काढावी आणि तिचे टोक कशालाही टेकू देऊ नये. दिवा विझला तर वायर निर्दोष आहे. पेटलेलाच राहिला तर वायरचे आवरण कोठेतरी घासून ती बॉडीला टेकली आहे, आणि अशा वेळी दिवा खोटा आहे असे म्हणता येईल. आवरण बहुधा एक्झॉस्टजवळ किंवा इंजिन हलते तेथील वळणावर झिजते, म्हणून दिवा पेटलेला असताना वायर हळूच हलवून पाहावी. स्विचच्या टर्मिनलवर ऑइल दिसले तर आतील पडदा फाटलेला आहे, आणि तो स्विच बदलावाच लागेल. काही मोटारींत दोन स्विच असतात किंवा स्विचची रचना याच्या उलट असते, त्यामुळे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृती आधी पाहून घ्यावी.

आता गेजविषयी. स्विच काढून त्याच छिद्रात दाब दाखवणारे यांत्रिक गेज जोडावे. अडॅप्टरचे आटे स्विचच्या आट्यांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. ते बळेच आवळले तर ॲल्युमिनियममधील आटे कायमचे बिघडतात. मग गाडी किमान वीस मिनिटे चालवावी. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही तापले, असे समजू नये. ऑइल तापायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यानंतर आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) आणि पुन्हा दोन ते तीन हजार फेऱ्यांना दाब नोंदवावा. मॅन्युअलमधील आकडा अंतिम मानावा. तो हाताशी नसेल तर दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार हा ढोबळ हिशेब वापरता येतो. गरम इंजिनावर आयडलिंगला एक बारच्या आसपास दाब असूनही दिवा लुकलुकत असेल, तर स्विच खोटे बोलतो आहे आणि तो बदलून प्रश्न मिटेल. गेजनेही ०.३ किंवा ०.४ बार दाखवला, तर दिव्याने आपले काम चोख केले आहे.

तरीही ताबडतोब इंजिन उतरवू नये. आयडलिंग आठशे-नऊशेऐवजी पाचशे-सहाशे फेऱ्यांवर आलेले असेल, तर तेवढ्यानेही दाब घटतो. ते आधी नीट लावावे. मात्र आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य दिव्याविषयी नाही, ते डिपस्टिकविषयी आहे. आपण स्वतः ऑइल वाढवलेले नसताना पातळी वर गेली असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत असण्याचा दाट संशय आहे. कार्ब्युरेटरच्या फ्लोटची सुई नीट बसत नसेल, किंवा यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असेल, तर पेट्रोल सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरते आणि ऑइल पातळ करते. डिपस्टिक हुंगून पाहावी. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवणे थांबवावे, गळती दुरुस्त करून घ्यावी, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचे ऑइल फिल्टरसह बदलावे आणि त्यानंतरच दाब पुन्हा मोजावा. दाब तेव्हाही कमी भरला तर सम्पमधील जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) आणि पंप या क्रमाने तपास करावा. बेअरिंगची झीज हे अखेरचे आणि सर्वांत खर्चिक निदान आहे. जाड ऑइल घालून दिवा विझवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो निदान होईपर्यंत तरी स्वीकारू नये. आणि चालत्या गाडीत हा दिवा स्थिर पेटला, तर गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे.

प्रश्न : जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवरचे सर्व बल्ब काढून मी एलईडी बसवले. तेव्हापासून बॅटरीचा दिवा इंजिन चालू असताना मंद पेटलेला राहतो आणि रात्री हेडलाइट लावले की थोडा ठळक होतो. अल्टरनेटर बदलावा का?

उत्तर : तूर्त बदलू नये. हा दिवा इग्निशन आणि अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) यांच्यामध्ये जोडलेला असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांचा व्होल्टेज समान झाला की तो विझतो. थोडा फरक उरला तर जुन्या बल्बची तार तापत नाही, एलईडी मात्र काही मिलिॲम्पिअर विजेवरही उजळतो. याहून गंभीर बाब अशी की अनेक जुन्या अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करण्यासाठी याच बल्बमधून येणारी वीज लागते. दोन वॅटचा बल्ब सुमारे ०.१७ ॲम्पिअर वीज जाऊ देतो. एलईडी तेवढी देत नाही, आणि मग इंजिनाच्या फेऱ्या वाढवेपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही. म्हणून या एका जागी मूळ वॅटचा साधा बल्ब परत बसवावा.

त्यानंतर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावावा. १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले आणि दिवा पूर्ण विझला, तर अल्टरनेटर ठीक आहे. हेडलाइट लावल्यावर साधा बल्बही मंद पेटत असेल, तर इग्निशन स्विच, फ्यूजचे संपर्क किंवा अल्टरनेटरची जाड वायर येथे व्होल्टेज गळतो आहे. ही टर्मिनले घासून साफ करावीत आणि घट्ट बसवावीत. एवढे करूनही फरक पडला नाही, तरच अल्टरनेटरचे डायोड तपासायला द्यावेत.