बहिणीची जुनी फाइल आधी शोधा

तुम्ही विचारलंय: बहीण 29 वर्षांची, 17व्या वर्षी हॉजकिन्स, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला, किमो आणि छातीवर रेडिएशन घेतलं, आता ठणठणीत आहे, तिला दुसरा कॅन्सर होऊ शकतो का? आणि लग्नाचं बघताय म्हणून आई म्हणते, तो विषय काढू नका.

होऊ शकतो. जुना उलटणं वेगळं, हा नवा असतो. किमोमुळे होणारा रक्ताचा कॅन्सर बहुधा पहिल्या दहा वर्षांत होतो, तो काळ तिने मागे टाकलाय. रेडिएशनचा परिणाम मात्र दहा, वीस, कधी त्याहून जास्त वर्षांनी दिसतो. लहान वयात छातीवर रेडिएशन घेतलेल्या अमेरिकेतल्या मुलींची पाहणी झाली, त्यांच्यातल्या साधारण 30 टक्के जणींना पन्नाशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर झाला. तेव्हा डोस जास्त असायचा, म्हणून हा आकडा जसाच्या तसा तिला लावू नका. पण तपासणी हवीच. वयाची 25 वर्षं किंवा रेडिएशननंतर 8 वर्षं, यातलं जे उशिरा येईल तेव्हापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राफी. तिची चार वर्षं आधीच गेली आहेत. मान, म्हणजे थायरॉइडही डॉक्टरांकडून दरवर्षी तपासून घ्या.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. 1999 साली, अठराव्या वर्षी मला हाच आजार झाला. बरी झाले, मालवणला परत आले. पुढे स्थळं यायला लागली तेव्हा आईने माझी फाइल पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर टाकली, पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. तिची माया मला कळते. 2019 मध्ये आंघोळ करताना गाठ हाताला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, “आधी अ‍ॅड्रियामायसिन किती गेलंय? रेडिएशन किती, कुठपर्यंत?” त्या औषधाने हृदयाला इजा होते, म्हणून ते आयुष्यभरात किती द्यायचं याला मर्यादा असते. पेटी उघडली तर आत वाळवीने केलेली माती. जुन्या हॉस्पिटलात नोंद सापडली नाही. शेवटी ते औषध वगळूनच किमो दिली. त्याच छातीवर पुन्हा रेडिएशन देणं सहसा टाळतात, त्यामुळे गाठ लहान असूनही पूर्ण स्तन काढावा लागला.

म्हणून पावसाच्या आधी माळ्यावर चढा. फाइल नसेल तर केस नंबर घेऊन हॉस्पिटलात जा, औषधांची नावं, एकूण डोस आणि रेडिएशनचा भाग लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड मागा. उपचार टाटाला झाले असतील तर लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी तिथे ‘अ‍ॅक्ट’ क्लिनिक आहे, 1991 पासून. मी दरवर्षी कुडाळहून रात्रीची कोकणकन्या पकडून तपासणीला जाते.

आणि आईला विषय नको असेल तर तिच्यासमोर नका काढू. बहिणीशी बोला. ती 29 वर्षांची आहे, शरीर तिचं आहे, लग्नाआधी काय सांगायचं तेही तिलाच ठरवू द्या.