सान ब्लासची पहिली सहल : सुरुवातीला एवढे पाहा

मेक्सिकोतील पुएर्तो वायार्ता शहरातून खासगी मार्गदर्शक घेऊन सान ब्लास या किनारी गावाला एका दिवसात जाऊन येण्याचा आपला बेत उत्तम आहे. मात्र एकेरी प्रवासालाच सुमारे तीन तास लागत असल्यामुळे वाटेतील सायुलिता हे गावही त्याच दिवसात बसवण्याचा मोह, जो बहुतेक नवख्यांना होतो, आपण टाळावा.

१. पहाटे निघून सान ब्लासजवळच्या ला तोवाराच्या खारफुटीतील होडीची फेरी सकाळीच घ्यावी. पक्षी तेव्हा अधिक दिसतात आणि ऊनही सुसह्य असते. मगरी असल्याने पाण्यात हात घालू नये.

२. होडीचे भाडे, प्रवेशशुल्क आणि जेवण ठरलेल्या रकमेत धरले आहे का, हे मार्गदर्शकाकडून आधीच लेखी घ्यावे. रोख पेसो जवळ असू द्यावेत.

३. संध्याकाळी किनाऱ्यावर बारीक चिलटे अक्षरशः फोडून काढतात, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कीटकरोधक मलम हवेच. सूर्यास्तासाठी थांबण्याचा आग्रह मी तरी धरणार नाही.

दुपारी कोन्तादुरिया टेकडीवरचे अठराव्या शतकातील अवशेष पाहावेत आणि मातान्चेनच्या उपसागराकाठी केळ्याचा पाव अवश्य घ्यावा. पक्षीनिरीक्षणाच्या खास फेऱ्यांचा विचार पुढच्या खेपेस करता येईल.