इंजिन खोलायच्या आधी

भाऊ, जुनी टाटा 207 डीआय पिकअप घेतलीत ते बरं केलंत. जवळपास 3 लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, धड मेस्त्री मिळाला तर पुन्हा उभं राहतं. पण गाडी बघताक्षणी 'बोअरिंग करावं लागेल' (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करावे लागतील) म्हणणाऱ्याला पाना लावू देऊ नका.

सकाळी सुरू व्हायला त्रास देते म्हणता ना? मग आधी डिझेलच्या लाइनमध्ये एअर, म्हणजे हवा, शिरते का बघा. डिझेलचा एखादा जोड सैल असला की उभ्या गाडीत लाइन हवा ओढते. डिझेल फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) थोडा ढिला करून डिझेल चढवायचा हातपंप मारा. फेसाळ डिझेल आलं तर बुडबुडे थांबेपर्यंत मारत राहा, मग स्क्रू आवळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेस दिसला तर वॉशर, जोड, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) असं तपासत टाकीपर्यंत जा. वॉशरवर भागलं तर किरकोळ खर्च. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंप आणि नोझलचं काम निघालं की खिसा रिकामा.

मग धूर. काळा असेल तर आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केटवर (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) संशय. डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) ऑइल दुधाळ दिसलं तर सेल्फ (स्टार्टर) मारूच नका. (गरम रेडिएटरचं झाकणही उघडू नका; तसं करणारे महाभाग अजून आहेत, म्हणून तेही सांगून ठेवतो.)

हेडला हात लावण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या.

रंगकाम शेवटी. पण पैसे ओतण्याआधी आरसीवरचा चेसिस नंबर गाडीशी जुळवा, कर्जाचा बोजा उतरलाय का तेही बघा.